अनेकांविरुद्ध एक : कृतिप्रधान व्हिडिओ गेममधील दुर्बल शत्रूंच्या झुंडी आणि त्यांना तोंड देण्याचे डावपेच

गोषवारा

कृतिप्रधान व्हिडिओ गेममध्ये एकट्या नायकावर दुर्बल शत्रूंची मोठी झुंड चालून येणे हा नित्याचा प्रसंग आहे. बाहेरून पाहणाऱ्यास तो केवळ बटणे बडविण्याचा प्रकार वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे मोजता येण्याजोगे गणित आणि शिकता येण्याजोगे डावपेच आहेत. झुंडीचे बळ तिच्या एकूण संख्येत नसून एका वेळी प्रहार करू शकणाऱ्यांच्या संख्येत असते, ही प्रस्तुत लेखाची मध्यवर्ती मांडणी आहे. ती साध्या अंकगणिताने स्पष्ट करून पुणे येथे तयार झालेल्या ‘राजी’ या गेमच्या व शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथील १८१८ च्या लढाईच्या आधारे तपासली आहे. अखेरीस या तुलनेच्या मर्यादांचा आणि अध्यापनातील उपयोगाचा विचार केला आहे.

बीजशब्द : व्हिडिओ गेम, झुंड, डावपेच, लँचेस्टरचा नियम, प्राधान्यक्रम, कबड्डी, कोरेगाव भीमा

१. प्रस्तावना

न्हावरे आणि एकूणच शिरूर-दौंड परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या हातात आज मोबाइल आहे आणि त्या मोबाइलमध्ये एखादा तरी गेम आहे. प्राध्यापकवर्गात या विषयाची चर्चा बहुधा ‘वेळेचा अपव्यय’ या एकाच शब्दप्रयोगापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. अपव्यय होतो हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि, विद्यार्थी ज्या गोष्टीत तासन्‌तास गुंततो तिच्यात तो नेमके काय करीत असतो, हे ठाऊक असल्याशिवाय तिच्याविषयी दिलेला अभिप्राय विद्यार्थ्यास पटत नाही.

हाच विद्यार्थी सायंकाळी कबड्डीच्या मैदानावर उतरतो तेव्हा त्याचे कौशल्य सर्वांच्या लक्षात येते. चढाईपटू एकटा असतो, समोर सात जण असतात. तो सातांच्या मध्यभागी शिरत नाही. तो कडेकडेने सरकतो, सर्व प्रतिस्पर्धी आपल्या नजरेसमोर राहतील असा कोन राखतो, एखाद्याला पुढे यायला भाग पाडतो, त्याला स्पर्श करून मध्यरेषेकडे परततो. साखळी आपल्यामागे मिटली की खेळ संपला, हे त्याला पक्के ठाऊक असते. कृतिप्रधान गेममध्ये झुंडीला तोंड देणारा खेळाडू याच जातीचा विचार करीत असतो. हा विचार उलगडून दाखविणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२. ‘झुंड’ या रचनेचा उगम आणि विकास

एक सबळ शत्रू आणि अनेक दुर्बल शत्रू ही गेमरचनेतील दोन भिन्न आव्हाने होत. पहिल्यात प्रतिस्पर्ध्याच्या सवयी ओळखून योग्य क्षणी प्रहार करणे महत्त्वाचे असते. दुसऱ्यात एकेका शत्रूला मारणे सोपे असते. अवघड असते ते अनेकांकडे एकाच वेळी लक्ष देणे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण येथे उलट्या अर्थाने लागू पडते. प्रत्येक शत्रूचा प्रहार नगण्य असतो, पण नगण्य प्रहारांच्या बेरजेने नायक कोसळतो.

या रचनेचा प्रसिद्ध आरंभबिंदू म्हणजे जपानमधील ‘तैतो’ कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी घडविलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) हा गेम. पाच ओळी व अकरा स्तंभ अशा ५५ आक्रमकांची फौज पडद्यावर डावीउजवीकडे सरकत सरकत खाली उतरत असे. आक्रमक जसजसे कमी होत तसतशी उरलेल्यांची गती वाढे. चित्रे कमी झाल्याने तत्कालीन प्रक्रियकाला ती अधिक वेगाने हलविता येत, म्हणून हे घडले. यंत्राच्या मर्यादेतून निष्पन्न झालेला हा परिणाम खेळाचा प्राण ठरला. खेळाडूंनीही त्यावर तोड शोधली. कडेचे स्तंभ आधी उडविले की फौजेची रुंदी कमी होते, तिला पडद्याच्या कडेपर्यंत पोहोचण्यास अधिक वेळ लागतो आणि ती सावकाश खाली येते. झुंडीच्या आकाराचाच विचार करणारा हा डावपेच आजही अभ्यसनीय आहे.

पुढे ‘रोबोट्रॉन : २०८४’ (१९८२) मध्ये शत्रू सर्व दिशांनी येऊ लागले. ‘गाँटलेट’ (१९८५) मध्ये शत्रूंना जन्म देणारी केंद्रे पटावर मांडण्यात आली आणि ती केंद्रे शाबूत असेपर्यंत मारलेल्यांची जागा नवे घेत राहिले. ‘डूम’ (१९९३) मध्ये एका राक्षसाचा वार चुकून दुसऱ्याला लागला की ते दोघे आपसांत लढत. त्यामुळे दोन शत्रूंना एका रेषेत आणून बाजूला होणे हाही एक डावपेच ठरला. ‘डायनॅस्टी वॉरियर्स २’ (२०००) या गेमने चिनी इतिहासातील तीन राज्यांच्या संघर्षाची पार्श्वभूमी घेऊन एका सेनानीने शेकडो सैनिक लोळविण्याचा प्रकार लोकप्रिय केला. ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ (२०२२) मध्ये तर शस्त्रे आपोआप चालतात आणि खेळाडूच्या हाती फक्त हालचाल उरते. नायक कोठे उभा राहतो, एवढ्या एकाच प्रश्नावर संपूर्ण खेळ बेतता येतो, हे त्याने सिद्ध केले.

३. संख्या आणि सामर्थ्य : एक सोपे गणित

झुंडीचे बळ समजून घेण्यासाठी एक साधे प्रतिमान कल्पावे. नायकाची प्राणशक्ती १०० आहे. समोर २० शत्रू आहेत. नायक सेकंदाला एक प्रहार करतो आणि एका प्रहारात एक शत्रू मरतो. जिवंत असलेला व जवळ पोहोचलेला प्रत्येक शत्रू सेकंदाला १ एवढी हानी करतो.

वीसही शत्रू नायकाला एकाच वेळी घेरू शकले, तर पहिल्या सेकंदाला २०, दुसऱ्या सेकंदाला १९, तिसऱ्या सेकंदाला १८ याप्रमाणे हानी होईल. सर्वांना मारेपर्यंतची एकूण हानी २१० भरते. नायकाजवळ १०० च प्राणशक्ती असल्याने तो सहाव्या सेकंदालाच कोसळतो.

आता हेच वीस शत्रू एका अरुंद वाटेत आले आणि एका वेळी दोघेच नायकापर्यंत पोहोचू शकले असे मानू. पहिली १९ सेकंदे प्रत्येकी २ आणि शेवटचे सेकंद १, म्हणजे एकूण हानी ३९. शत्रू तेवढेच, शस्त्र तेच, नायकही तोच. केवळ उभे राहण्याची जागा बदलल्याने २१० ची हानी ३९ वर आली.

तिसरा पर्याय झुंड फोडण्याचा. वीस जणांना पाच-पाचच्या चार गटांत अलग करून एकामागून एक गाठले, तर प्रत्येक गटाकडून ५ + ४ + ३ + २ + १ = १५ आणि चार गटांकडून ६० एवढी हानी होते. मात्र दहा-दहाचेच दोन गट केले तर हानी ११० होते व नायक वाचत नाही. फोडणे पुरेसे नाही, पुरेसे बारीक फोडले पाहिजे, हा धडा येथे मिळतो. चौथा पर्याय एका प्रहारात अनेकांना टिपण्याचा. एका फटक्यात चार शत्रू पडत असतील, तर हानी २० + १६ + १२ + ८ + ४ = ६० होते आणि लढाई पाच सेकंदांत आटोपते.

या आकड्यांमागील तत्त्व ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडले. त्याचा ‘एअरक्राफ्ट इन वॉरफेअर’ हा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वजण एकाच वेळी सर्वांवर मारा करू शकत असतील तर सैन्याचे बळ त्याच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उलट एकास एक अशा क्रमाने लढाई होत असेल तर ते केवळ संख्येच्या प्रमाणात वाढते. पहिल्यास वर्गनियम व दुसऱ्यास रेषीय नियम म्हणतात. वरील प्रतिमानात शत्रूंची संख्या २० वरून १० झाली की हानी २१० वरून ५५ म्हणजे जवळजवळ चतुर्थांश होते, ते या वर्गनियमामुळेच. झुंडीविरुद्धच्या बहुतेक डावपेचांचे सार एका वाक्यात सांगायचे तर, लढाईला वर्गनियमाच्या मोकळ्या मैदानातून रेषीय नियमाच्या अरुंद वाटेकडे नेणे हे होय.

४. प्रमुख डावपेच

४.१ जागेची निवड. दार, पूल, जिना, दोन खडकांमधील फट अशा ठिकाणी एका वेळी पुढे येणाऱ्यांची संख्या आपोआप मर्यादित होते. पाठीशी भिंत असली तर मागून वार होत नाही. मात्र नवखा खेळाडू भिंत आणि कोपरा यांत गल्लत करतो. कोपऱ्यात हल्ल्याच्या दिशा कमी होतात हे खरे, पण माघारीची वाटही बंद होते. झुंडीत लांबून मारा करणारा एखादा तिरंदाज असला तर कोपऱ्यातील नायक त्याचे आयते लक्ष्य बनतो. म्हणून हल्ल्याची वाट अरुंद आणि माघारीची वाट मोकळी, अशी जागा उत्तम समजली जाते.

४.२ हालचाल. जेथे खिंड नाही तेथे ती हालचालीने निर्माण करावी लागते. नायक सतत सरकत राहिला की झुंडीतील वेगवान शत्रू पुढे येतात, मंद मागे राहतात आणि घोळक्याची रांग बनते. रांगेच्या तोंडाशी असलेल्यास टिपावे, पुन्हा मागे सरावे, हा क्रम चालू ठेवता येतो. सरळ रेषेत पळाल्यास मैदान संपते. म्हणून जाणते खेळाडू झुंडीभोवती मोठे वर्तुळ घेतात. कबड्डीतील चढाईपटू कडेने सरकून कोपरारक्षकाला पुढे ओढतो, त्याचेच हे विस्तारित रूप होय.

४.३ एकवटणे आणि क्षेत्रव्यापी प्रहार. काही शस्त्रे एका जागेवरील सर्वांना एकदम इजा करतात. त्यांचा उपयोग करताना वरील तत्त्व अंशतः उलटे होते. झुंड फोडण्याऐवजी ती मुद्दाम दाट होऊ द्यावी लागते. मेंढपाळ कळपाला मधून हाकत नाही. तो व त्याचा कुत्रा कडेने दाब देतात आणि कळप आपोआप आवळतो. खेळाडूही वर्तुळाकार फिरून शत्रूंना एकत्र आणतो, क्षणभर थांबतो आणि मग प्रहार करतो. यातील धोका उघड आहे. प्रहार चुकला किंवा उशिरा झाला तर दाट झुंडीत नायक स्वतःच सापडतो. त्यामुळे असे शस्त्र हाती असतानाही निसटण्याची वाट आधी पाहून ठेवणे आवश्यक ठरते.

४.४ प्राधान्यक्रम. आधी कोणाला मारावे? स्वाभाविक उत्तर ‘सर्वांत भयंकर दिसणाऱ्याला’ असे असते आणि ते पुष्कळदा चुकते. एक धिप्पाड राक्षस सेकंदाला ४ हानी करतो, पण त्याला मारण्यास १० प्रहार लागतात. सोबत १० क्षुद्र शत्रू आहेत. प्रत्येकाची हानी १ व मारण्यास १ प्रहार पुरतो. राक्षसाला आधी मारल्यास त्याच्याकडून ४० आणि तोवर व त्यानंतर क्षुद्र शत्रूंकडून १५५, अशी १९५ हानी होते. क्षुद्र शत्रूंना आधी मारल्यास त्यांच्याकडून ५५ आणि राक्षसाकडून ८०, अशी १३५ हानी होते. दोन्ही क्रमांना लागणारा वेळ सारखाच, २० सेकंदे.

याचा नियम सोपा आहे. प्रत्येक शत्रूची हानी भागिले त्याला मारण्यास लागणारे प्रहार, असे गुणोत्तर काढावे आणि ज्याचे गुणोत्तर मोठे त्याला आधी मारावे. राक्षसाचे गुणोत्तर ०.४, क्षुद्र शत्रूचे १. झुंडीत सेकंदाला ३ हानी करणारा व दोन प्रहारांत मरणारा तिरंदाज असेल तर त्याचे गुणोत्तर १.५ येते आणि तो सर्वांत आधी जातो. क्रिया-संशोधन या शाखेत कामांचा क्रम लावण्यासाठी हाच नियम वापरला जातो. डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी तो १९५६ मध्ये मांडला. वाणिज्य आणि संख्याशास्त्र विभागांतील अध्यापकांना तो परिचित आहे. खेळाडूने तो ग्रंथात वाचलेला नसतो. पुनःपुन्हा हरून तो त्याच्या अंगवळणी पडलेला असतो.

‘गाँटलेट’मधील जन्मकेंद्रे किंवा इतरांना बरे करणारे शत्रू यांना मात्र हे गुणोत्तर थेट लावता येत नाही. ते स्वतः हानी करीत नाहीत, हानी करणाऱ्यांची संख्या टिकवितात. म्हणून त्यांना नेहमी वरचे स्थान द्यावे लागते. तोटी उघडी ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही, हे येथील व्यवहारज्ञान.

४.५ निष्प्रभ करणे आणि बचत. शत्रूला मारण्याऐवजी काही क्षण गोठविणे, ढकलणे किंवा पाडणे यामुळेही एका वेळी प्रहार करणाऱ्यांची संख्या घटते. त्याचबरोबर मौल्यवान अस्त्र केव्हा खर्चावे हा विवेक लागतो. पहिल्या लाटेलाच सर्व अस्त्रे संपविणारा खेळाडू तिसऱ्या लाटेत रिकाम्या हातांनी उभा असतो. अस्त्र अखेरपर्यंत जपून ठेवणारा ते न वापरताच मरतो.

५. यंत्राची बाजू

येथवर खेळाडूच्या बाजूने विचार झाला. झुंड चालविणाऱ्या संगणकीय आज्ञावलीचा विचारही तितकाच उद्‌बोधक आहे. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ मध्ये पक्ष्यांच्या थव्याचे संगणकीय प्रतिमान मांडले. शेजाऱ्यापासून थोडे अंतर राखणे, शेजाऱ्याच्या दिशेने दिशा जुळविणे आणि गटाच्या मध्याकडे ओढ ठेवणे, एवढ्या तीन नियमांतून संपूर्ण थव्याची हालचाल निष्पन्न होते. तेथे कोणी सेनापती नसतो. गेममधील अनेक झुंडी याच विचारसरणीवर चालतात. म्हणूनच त्यांना वर्तुळात फिरविणे किंवा दाट करणे शक्य होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वर्गनियम पूर्णांशाने चालू दिला तर बहुतेक खेळाडू पहिल्याच झुंडीत मरतील. म्हणून अनेक गेममध्ये रचनाकार एक अदृश्य परवाना ठेवतात. दहा शत्रू नायकाभोवती उभे असले तरी एका वेळी दोघातिघांनाच प्रहाराची मुभा मिळते. बाकीचे दात-ओठ खात फिरत राहतात. भारतीय चित्रपटांतील मारामारीत खलनायकाचे साथीदार एकेक करून पुढे येतात, त्याची आठवण येथे झाल्यास नवल नाही. ‘लेफ्ट फोर डेड’ (२००८) मध्ये तर खेळाडूंवरील ताण अजमावून पुढील झुंड केव्हा सोडायची हे आज्ञावलीच ठरविते. थोडक्यात, अरुंद वाट काही वेळा भूमीत असते, काही वेळा खेळाडूच्या हालचालीत आणि काही वेळा रचनाकाराच्या दयेत.

६. पुण्यातील एक उदाहरण : ‘राजी’

या प्रकारची रचना महाराष्ट्रातही झाली आहे. पुणे येथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न अयशस्वी होऊनही संस्थेने काम पुढे नेले. राजी ही खेळकऱ्यांच्या तांड्यात कसरती करणारी मुलगी. राक्षसांनी पळवून नेलेला तिचा धाकटा भाऊ गोलू याचा ती शोध घेते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, विष्णूकडून धनुष्य मिळते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय बाब ही की, राजी योद्धा नाही, कसरतपटू आहे, आणि तिचे डावपेच तिच्या व्यवसायातून येतात. राक्षस टोळीने येतात तेव्हा ती खांबाला धरून गरकन फिरते आणि भोवतीच्या अनेकांना एकाच फेऱ्यात तडाखा देते. ती भिंतीवरून धावत जाऊन वरून झेप घेते. म्हणजे खांब आणि भिंत या वास्तूच्या भागांना येथे शस्त्राचे काम दिले आहे. कलम ४ मधील जागेची निवड, हालचाल आणि क्षेत्रव्यापी प्रहार ही तिन्ही तत्त्वे येथे एकाच कृतीत एकत्र येतात. दुर्बल देहाने बलवानांच्या टोळीला तोंड देताना भूमीच आपली सहकारी होते, हे सूत्र ‘राजी’त डोळ्यांना दिसते.

७. भूमीवरील दाखला आणि तुलनेची मर्यादा

मोठ्या संख्येला अरुंद जागेत रोखण्याचा महाराष्ट्राला सर्वपरिचित दाखला जुलै १६६० मधील घोडखिंडीचा, म्हणजेच पावनखिंडीचा. शिवाजी महाराज विशाळगडी पोहोचेपर्यंत बाजीप्रभू देशपांडे व त्यांच्या सुमारे तीनशे साथीदारांनी सिद्दी मसूदच्या मोठ्या फौजेला खिंडीत थोपविले. येथे खिंड निसर्गाने दिलेली होती.

जेथे खिंड नव्हती तेथील दाखला शिरूर तालुक्यातच आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन याच्या नेतृत्वाखाली ईस्ट इंडिया कंपनीचे सुमारे ८०० सैनिक शिरूरहून पुण्याकडे निघाले. त्यांत महार सैनिकांची संख्या मोठी होती. १ जानेवारी १८१८ रोजी भीमाकाठी कोरेगाव येथे त्यांची गाठ दुसरे बाजीराव पेशवे यांच्या सुमारे २८,००० च्या सैन्याशी पडली. तुकडी मोकळ्या मैदानात थांबली नाही. तिने गावाचा आश्रय घेतला. गावातील घरे, भिंती आणि अरुंद गल्ल्या यांमुळे पेशव्यांच्या घोडदळाचा उपयोग सीमित झाला. प्रत्यक्ष हल्ल्यात सुमारे २,००० सैनिकच उतरविले गेले, असे सांगितले जाते. २८,००० आणि २,००० यांतील अंतर हेच या लेखाचे सूत्र आहे. पाण्याविना दिवसभर चाललेली ही झुंज अत्यंत कठीण होती आणि कंपनीच्या तुकडीची मोठी हानी झाली. जनरल स्मिथच्या सैन्याच्या आगमनाची शक्यता लक्षात घेऊन पेशव्यांचे सैन्य पुढे निघून गेले आणि स्टाँटन पुण्यास न जाता शिरूरला परतला. या लढाईच्या सामाजिक व राजकीय अर्थावर स्वतंत्र आणि विपुल लेखन झाले आहे. येथे केवळ जागा व संख्या यांच्या नात्यापुरता तिचा आधार घेतला आहे.

तुलना मात्र येथेच थांबविली पाहिजे. पहिले कारण डावपेचांचे. कोरेगाव येथील हल्लेखोर दुर्बल नव्हते. त्यांत युद्धकुशल अरब सैनिक होते. गेममधील झुंडीला भीती नसते, थकवा नसतो आणि मागून येणाऱ्या सैन्याची चिंता नसते. खऱ्या सैन्याला ती असते, आणि कोरेगावचा शेवट तिनेच ठरविला. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. गेममधील ‘दुर्बल शत्रू’ हा चेहरा नसलेला असतो. तो पडतो, नाहीसा होतो आणि त्याच्या जागी तसाच दुसरा येतो. म्हणूनच त्याचे गुणोत्तर काढता येते. इतिहासात असा कोणी नसतो. भीमेच्या पलीकडे पेरणे येथील स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत. समोरच्या बाजूने पडलेल्यांनाही नावे होतीच. महाभारतातील अभिमन्यूची कथा मनाला भिडते तीही चक्रव्यूहातील एकटा कोण होता हे श्रोत्यास ठाऊक असते म्हणून. माणसांच्या समूहाला ‘झुंड’ म्हणणे हे गेमच्या पडद्यावर सोयीचे असते. पडद्याबाहेर तो शब्द जपूनच वापरला पाहिजे.

८. अध्यापनातील उपयोग

वरील विवेचनाचा वर्गात चार प्रकारे उपयोग करता येईल. गणिताच्या अध्यापकास कलम ३ मधील उदाहरण अंकगणिती श्रेढीची बेरीज शिकविण्यास वापरता येईल. n शत्रूंकडून होणारी हानी n(n+1)/2 असते, हे विद्यार्थी स्वतः शोधू शकतात. वाणिज्य शाखेत प्राधान्यक्रमाचा नियम कामांच्या वेळापत्रकाशी जोडता येईल. संगणकशास्त्रात तीन नियमांचा थवा ही एक चांगली प्रात्यक्षिक कृती आहे. इतिहासाच्या वर्गात कोरेगाव वा पावनखिंडीचा नकाशा काढून ‘एका वेळी किती जण लढू शकले असतील’ हा प्रश्न विचारता येईल, आणि त्यानंतर पडद्यावरील झुंड व इतिहासातील माणसे यांतील भेदही चर्चेला घेता येईल. शारीरिक शिक्षण विभागाला तर कबड्डीचे मैदान ही तयार प्रयोगशाळाच आहे.

यासोबत सावधगिरीही आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘गेमिंग विकृती’ची नोंद केली असून ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि दुष्परिणाम दिसत असूनही खेळणे चालू राहणे ही तिची लक्षणे होत. तसेच पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमना संसदेने २०२५ च्या अधिनियमाने प्रतिबंध केला आहे. त्याच अधिनियमाने ई-स्पोर्ट्सना मात्र प्रोत्साहनाचे धोरण स्वीकारले आहे. विद्यार्थ्यांशी बोलताना हा भेद अध्यापकास ठाऊक असणे इष्ट आहे; सर्व गेमना एकाच मापाने मोजल्यास सल्ल्याचे वजन कमी होते.

९. निष्कर्ष

१) दुर्बल शत्रूंच्या झुंडीचे बळ तिच्या एकूण संख्येवर अवलंबून नसून एका वेळी प्रहार करू शकणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते.

२) जागेची निवड, हालचाल, क्षेत्रव्यापी प्रहार, प्राधान्यक्रम आणि शत्रूस निष्प्रभ करणे हे सर्व डावपेच ही संख्या घटविण्याचे वा ती लवकर घटेल असे पाहण्याचे निरनिराळे मार्ग आहेत.

३) सर्वांत भयंकर शत्रूला आधी मारणे हे नेहमीच योग्य नसते. हानी व लागणारे श्रम यांचे गुणोत्तर पाहणे अधिक हितावह ठरते.

४) कबड्डीचे मैदान, ‘राजी’सारखा पुण्यात घडलेला गेम आणि शिरूर तालुक्याचा इतिहास या तिन्हींतून हे सूत्र विद्यार्थ्यांपर्यंत त्यांच्या परिचयाच्या वाटेने नेता येते.

५) गेममधील झुंड ही चेहरा नसलेली कल्पना आहे, मानवी समूह नव्हे. हा भेद समजावून सांगण्याचे काम गेम करीत नाही. ते अध्यापकालाच करावे लागेल, आणि त्यासाठी गेमची भाषा त्याला थोडीफार अवगत असणे आवश्यक आहे.